सिन्याकचा समुद्र

१८९२ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सां-त्रोपे नावाच्या कोळीगावात एक शिडाची नाव येऊन लागली. नावेचं नाव ‘ऑलिंपिया’. तिचा मालक, चित्रकार पॉल सिन्याक, अठ्ठावीस वर्षांचा होता. उत्तरेकडच्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून निघून, अटलांटिकच्या कडेकडेने बोर्दोपर्यंत येऊन, तिथून कालव्यांच्या वाटेने अख्खा दक्षिण फ्रान्स ओलांडून तो भूमध्य समुद्रात उतरला होता. तेओ व्हान रीसेलबर्ग हा बेल्जियन चित्रकार मित्र वाटेत काही काळ सोबतीला होता. शिडं ओढायची, सुकाणू धरायचं, रात्री धक्क्याला नाव बांधायची आणि या सगळ्यातून वेळ काढून रंगवायचं, असा तो प्रवास.

‘ऑलिंपिया’ हे नाव एदुआर मानेच्या चित्रावरून घेतलेलं. १८६५ साली त्या चित्राने पॅरिसमध्ये गदारोळ उडवला होता. याआधीच्या एका होडीला सिन्याकने ‘माने-झोला-वाग्नेर’ असं तिहेरी नाव दिलं होतं. चित्रकार, कादंबरीकार आणि संगीतकार, तिघेही प्रस्थापितांच्या डोळ्यांत सलणारे. आयुष्यभरात त्याने तीसच्या वर नावा बाळगल्या. समुद्र हा त्याचा विरंगुळा नव्हता, तर कुंचल्याइतकाच हातातला होता, आणि त्याच्या निसर्गचित्रांची गोष्ट सांगताना हे ध्यानात ठेवावंच लागतं.

सां-त्रोपेला तो आला तेव्हा मनाने मात्र फार काही सावरलेला नव्हता. वर्षभरापूर्वी, २९ मार्च १८९१ रोजी, त्याचा चित्रकार मित्र जॉर्ज स्यूरा गेला होता. वय एकतीस. पॅरिसमधल्या स्वतंत्र चित्रकारांच्या वार्षिक प्रदर्शनासाठी तो चित्रं टांगून घेण्याच्या गडबडीत होता. त्याचं स्वतःचं सर्कशीचं मोठं चित्र अपुरंच भिंतीवर लागलं होतं. घशाच्या कुठल्याशा जीवघेण्या संसर्गाने त्याला गाठलं आणि काही दिवसांत खेळ आटोपला. दोन आठवड्यांनी त्याचं तान्हं मूलही गेलं. सिन्याक, माक्सिमिलियँ ल्यूस आणि समीक्षक फेलिक्स फेनेओं असे तिघे मित्र स्यूराच्या स्टुडिओत बसले आणि तिथल्या लहान-मोठ्या चित्रांची एकेक करून यादी केली. ठिपक्यांच्या चित्रकलेचा जनक उरला नव्हता. ज्येष्ठ कामीय पिसारो चार-पाच वर्षं ठिपके देऊन पुन्हा मोकळ्या फटकाऱ्यांकडे वळले होते. समीक्षकांनी चळवळीचं उत्तरकार्य उरकायला घेतलं होतं.

ती चळवळ उभी राहिली त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती.

१८८४ साली पॅरिसच्या अधिकृत सलोंने स्यूराचं ‘आन्येरची आंघोळ’ हे चित्र नाकारलं. नाकारलेल्या चित्रकारांनी मिळून त्या वर्षीच्या मे महिन्यात त्विलरीच्या आवारातल्या एका तात्पुरत्या इमारतीत आपलं प्रदर्शन भरवलं. तिथेही या प्रचंड चित्राला जागा मिळाली ती उपाहारगृहात. खाण्यापिण्याच्या गर्दीत लटकलेल्या त्या चित्रासमोर वीस वर्षांचा सिन्याक खिळून उभा राहिला. चित्रातला सेन नदीचा तो काठ त्याच्या घरामागचाच होता. वडील वारल्यावर त्याचं कुटुंब आन्येरला राहायला आलं होतं. ओळखीचं पाणी, ओळखीची कारखान्यांची धुरांडी, आणि तरीही कुणीतरी हे सगळं पहिल्यांदाच पाहिल्यासारखं मांडलेलं. स्यूरा चोवीस वर्षांचा, अबोल, सरकारी कलाशाळेत शिकलेला. सिन्याक बोलघेवडा, तापट आणि जवळजवळ स्वयंशिक्षित. दोघांची गट्टी जमली.

सिन्याकचं घराणं घोड्यांची खोगिरं आणि साज बनवणाऱ्यांचं. मुलाने आर्किटेक्ट व्हावं असं घरच्यांना वाटत होतं. पण १८८० साली क्लोद मोनेचं प्रदर्शन पाहून त्या पोराने ठरवून टाकलं. त्याच वर्षी दृक्प्रत्ययवाद्यांच्या प्रदर्शनात देगासच्या चित्राची नक्कल वहीत उतरवताना चित्रकार गोगँने त्याला पकडलं आणि बाहेर काढलं. वय होतं सोळा. मोनेकडून त्याने एक गोष्ट कायमची घेतली, ती म्हणजे मातकट रंगांना रामराम. काव, गेरू, काळा हे त्याच्या पॅलेटवर फार काळ टिकले नाहीत. स्यूराला भेटला तेव्हा स्यूराच्या पॅलेटवर ते अजून होते. सिन्याकने ते सोडायला लावले आणि बदल्यात स्यूराकडून शिस्त घेतली. शिष्य आणि गुरू अशी मांडणी या जोडीबद्दल नेहमी केली जाते, पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती.

या शिस्तीचं मूळ चित्रशाळेत नव्हतं, रंगारीखान्यात होतं. मिशेल-युजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या राजेशाही विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख होते. भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रपडद्यांमध्ये वापरलेला काळा धागा फिका दिसतो, त्याला जोर नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. शेव्रल यांनी रंग तपासला तर त्यात काही खोट नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता! निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी बसला की तोच काळा उतरलेला दिसायचा. यातून त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३९ साली रंगांच्या विरोधाचा नियम सांगणारा जाडजूड ग्रंथ काढला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात, लालाशेजारी हिरवा अधिक हिरवा होतो आणि हिरव्याशेजारी लाल पेटतो, हे त्याचं सार. धाग्यांचा आणखी एक गुण आपल्याकडे पैठणी नेसणाऱ्या बाईला सांगावा लागत नाही. धूपछांव लुगड्यात उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि लांबून पाहणाऱ्याला त्या दोहोंपैकी एकही न दिसता तिसराच रंग दिसतो. १८८४ साली सिन्याक आणि त्याचे मित्र गोबलँला जाऊन शेव्रल यांना भेटले. त्यांनी तेव्हा नव्वदी केव्हाच ओलांडली होती. पुढे ते एकशे दोन वर्षांचे होऊन वारले. रंगशास्त्राची आपली दीक्षा त्या भेटीत झाली, असं सिन्याकने नंतर लिहून ठेवलं.

दुसरा धडा आला अमेरिकेतून. ऑगडन रूड या भौतिकशास्त्रज्ञाचं रंगांवरचं पुस्तक १८८१ साली फ्रेंचमध्ये आलं. त्यात भिरभिरणाऱ्या तबकडीचे प्रयोग होते. तबकडीवर निळ्या-पिवळ्या पट्ट्या काढून ती जोरात फिरवली की डोळ्याला हिरवा दिसत नाही, करडा दिसतो. म्हणजे पॅलेटवर सुरीने घोटलेलं मिश्रण आणि डोळ्यात होणारं मिश्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग घोटत गेलं की दर वेळी प्रकाश थोडा गिळला जातो आणि शेवटी हाती चिखल येतो. डोळ्यात मिसळलेले रंग मात्र एकमेकांचा प्रकाश खात नाहीत, त्यांची सरासरी होते. चित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. रंग घोटू नका. शुद्ध ठेवा, शेजारी-शेजारी लावा, आणि मिसळायचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवा.

ऐकायला सोपं, करायला जिवावरचं. समजा, उन्हातलं गवत रंगवायचं आहे. गवताचा स्वतःचा हिरवा रंग हा झाला एक भाग. त्यावर पडलेल्या उन्हाचा नारिंगी हा दुसरा. आभाळाचा परावर्तित निळा तिसरा. शेजारच्या वस्तूंच्या विरोधाने उमटणारी छटा हा चौथा. हे चारही वेगवेगळे ओळखायचे, प्रत्येकाचं प्रमाण मनाशी ठरवायचं आणि मग कुंचल्याच्या टोकाने एकेक टिपका द्यायचा. सिन्याकच्या पॅलेटवर रंग इंद्रधनुष्याच्या क्रमाने मांडलेले असत: कॅडमियमचे पिवळे, शेंदरी, मंजिष्ठाचे लाल, कोबाल्टचा जांभळा, निळे, हिरवे. रंग मिसळायचाच झाला तर शेजारच्याशी किंवा पांढऱ्याशी, एवढीच मुभा.

या पद्धतीचं पहिलं मोठं फळ म्हणजे स्यूराचं ‘ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार’. सुमारे दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. मे १८८६ मध्ये दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात ते लागलं. स्यूरा, सिन्याक, पिसारो आणि त्यांचा मुलगा ल्युसियँ यांची चित्रं एकत्र, वेगळ्या दालनात होती. मोने आणि रेन्वार यांनी त्या वर्षी भागच घेतला नाही. लोक हसले, चिडले, पुन्हा पाहायला आले. पेशाने कारकून असलेल्या तरुण फेनेओंने मात्र ते चित्र इंचाइंचाने पाहिलं आणि त्याच वर्षी या चित्रकारांना नाव दिलं, नवदृक्प्रत्ययवादी.

शास्त्रावर इतकी भिस्त ठेवणाऱ्या या चित्राला शास्त्रानेच दगा दिला, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. स्यूराने त्यात जस्तापासून बनवलेला एक नवा पिवळा रंग वापरला होता. काही वर्षांतच तो काळवंडला. उन्हातल्या गवतावरचे झळझळीत पिवळे ठिपके तपकिरी पडले, नारिंगी मळकट झाले, हिरव्याचं तेज उतरलं. आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जे चित्र लोक पाहतात, त्यातलं ऊन १८८६ च्या उन्हापेक्षा मावळतीला आलेलं आहे. सिन्याकने हे आपल्या हयातीत घडताना पाहिलं. रंगाची नळी निवडताना तो पुढे कमालीचा काटेकोर झाला, त्यात नवल नाही.

सिन्याकची स्वतःची पहिली ठिपक्यांची निसर्गचित्रं याच १८८६ सालची. त्यातलं एक क्लिशीच्या गॅसटाक्यांचं. आज ते मेलबर्नला आहे. पॅरिसच्या उत्तरेच्या वेशीवरचं हे रूक्ष उपनगर, रंगकामासाठी कुणी वाट वाकडी करून यावं असं तिथे काही नाही. रिकामा रस्ता, कुंपण, कामगारवस्तीची घरं आणि मागे दोन अवाढव्य टाक्या. पण दुपारच्या उन्हात त्या मातीच्या रस्त्यावर त्याने गुलाबी, फिकट नारिंगी आणि निळसर ठिपक्यांची अशी दाटी केली आहे की तो रस्ता तापून थरथरतोय असं वाटतं. सौंदर्यस्थळ शोधत जायचं नाही, पडलेल्या उजेडाला विषय मानायचं, हा त्याचा बाणा इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसतो. त्या उन्हाळ्यात सेनच्या काठी लेझांदलीला, पुढच्या वर्षी कॉलिऊरला, मग पोर्त्रियूला आणि १८८९ साली कासीला, असा दर वर्षी तो पाण्याच्या काठाकाठाने फिरत राहिला.

कासीला जाताना तो मध्ये आर्लला उतरला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग तिथल्या इस्पितळात होता. दोन वर्षांपूर्वी दोघांनी आन्येरच्या नदीकाठी शेजारी-शेजारी चित्रं काढली होती आणि व्हिन्सेंटच्या त्या वेळच्या चित्रांत ठिपके शिरलेले दिसतात. २३ मार्च १८८९ रोजी सिन्याक इस्पितळात गेला, व्हिन्सेंटला घेऊन त्याच्या पिवळ्या घराशी आला. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलिसांनी घर बंद केलेलं. या दोघांनी कुलूप मोडलं आणि आत जाऊन दिवसभर चित्रं पाहिली. निघताना व्हिन्सेंटने त्याला सुकवलेल्या दोन हेरिंग माशांचं एक छोटं चित्र भेट दिलं. ज्या माणसापासून गाव चार हात लांब राहत होतं त्याच्याबरोबर अख्खा दिवस काढणारा हा सिन्याक, ठिपके मोजणारा कोरडा हिशेबनीस अशी त्याची प्रतिमा रंगवणाऱ्यांनी पाहायला हवा होता.

कारण आरोप तोच होता. हे यांत्रिक आहे, सगळ्यांची चित्रं सारखीच दिसतात, हातातला जिव्हाळा मेला आहे. पिसारोंनाही अखेर तसंच वाटू लागलं. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मोठ्या धैर्याने या पोरांची पद्धत उचलली होती, पण एकेक चित्राला महिने लागत, विक्रेता कुरकुर करत होता, आणि मनात उठलेली संवेदना हातातून उतरेपर्यंत विझून जाई. त्यांची तक्रार खोटी नव्हती. ठिपक्याच्या पद्धतीत एक धोका खरोखरच दडलेला होता, आणि रूडच्या तबकडीने तो आधीच दाखवला होता. एकमेकांचे विरोधी रंग फार बारीक ठिपक्यांत मिसळले की लांबून सगळं करडं दिसू लागतं. उजेडासाठी मांडलेला खटाटोप धुरकट होऊन बसतो.

स्यूरा गेला त्याच १८९१ सालच्या उन्हाळ्यात सिन्याक ब्रिटनीतल्या कोंकार्नोला होता. सार्डीन मासेमारीच्या होड्यांची पाच चित्रं त्याने तिथे केली. त्या काळात तो आपल्या चित्रांना संगीतकारासारखे ‘ओपस’ क्रमांक देत असे. या पाचांना त्याने लयींची नावं दिली, स्केर्त्सो, लार्गेत्तो, आदाज्यो अशी. त्यातल्या आदाज्योत सूर्य मावळतोय, आभाळ आणि पाणी सोनेरी-नारिंगी झालंय आणि क्षितिजापर्यंत होड्या ठरावीक अंतराने पेरल्या आहेत. जवळच्या मोठ्या, दूरच्या टिंबाएवढ्या. एकाच डोलकाठीचा आकार पुन्हा-पुन्हा येतो, प्रत्येक वेळी थोडा लहान होऊन. विलंबित लयीत बढत घेणाऱ्या गायकाची आठवण यावी इतका त्यात ठेहराव आहे. पण या चित्रांत वाराही अजून नियम पाळून वाहतो. सगळं जागच्या जागी, थोडं श्वास रोखलेलं.

तो श्वास सुटला सां-त्रोपेला.

दक्षिणेला ये, असं आँरी-एदमाँ क्रॉसने त्याला सुचवलं होतं. क्रॉस आदल्या वर्षीच संधिवाताने बेजार होऊन उबदार हवेच्या शोधात याच किनाऱ्यावर येऊन राहिला होता. सां-त्रोपे तेव्हा मासे धरणाऱ्या, बुचाच्या झाडांची साल काढणाऱ्या लोकांचं गाव होतं. धक्क्यावर तिरक्या शिडांच्या तार्तान नावा, मागे पिवळी-गुलाबी घरं, त्यांवर डोकावणारा देवळाचा मनोरा, आणि गावाबाहेर समुद्राकडे झुकलेले छत्रीसारखे पाइन वृक्ष. आल्या-आल्या सिन्याकने आईला पत्र लिहिलं. जन्मभर पुरेल एवढं काम इथे मिळालंय आणि सुखच हाती लागलंय, असा त्या पत्राचा सूर होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने बर्त रोब्लेसशी लग्न केलं, आणि १८९७ साली गावात ‘ला यून’ नावाचं घर विकत घेतलं.

इथे त्याच्या कामाची रीत हळूहळू पालटली. उत्तरेत तो ईझल घेऊन पाण्याकाठी बसे आणि तैलरंगाचं चित्र बरंचसं तिथेच पुरं करी. आता बाहेर नेली ती जलरंगाची पेटी. डोळ्यासमोर पळणारा ढग, शीड, लाटेची चमक हे पेन्सिलीच्या चार रेषा आणि पाण्याच्या दोन हातांत टिपायचं, आणि तैलचित्र मात्र स्टुडिओत, सावकाश, रचना बांधून करायचं. आपण आजवर निसर्गाचे फार गुलाम होतो, असं त्याला वाटू लागलं होतं. जलरंगाचं हे वेड त्याला पिसारोंनी लावलं. ठिपका सोडून गेलेल्या ज्येष्ठाने ठिपक्याला चिकटून राहिलेल्या धाकट्याची अशी सोडवणूक केली.

१८९५ सालचं ‘तांबडा बोया’ हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पुढ्यातल्या पाण्यात नाव बांधायचा एक बोया तरंगतोय, शेंदरी-नारिंगी. मागे धक्क्यावरची घरं संध्याकाळच्या उन्हात न्हायलेली आणि त्यांची प्रतिबिंबं पाण्यात लांबत आलेली. चित्राच्या जवळ जाऊन पाहिलं तर बोयाचं पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे शेंदराचे आडवे, तुटक फटकारे आहेत, आणि दोन फटकाऱ्यांच्या मधल्या फटीत गर्द निळा आणि हिरवा तितक्याच ताज्या तोंडाने बसवलेला आहे. कुठेही एक रंग दुसऱ्यात ओघळलेला नाही. निळ्यामुळे शेंदरी भडकतो, शेंदरीमुळे निळा खोल जातो. शेव्रल यांचा नियम इथे पाण्यावर डुलतो आहे. आणखी एक गोष्ट लक्षात येते. हे ठिपके आता गोल आणि बारीक नाहीत. ते लांबट झालेत, पाण्यात आडवे, आभाळात तिरपे, वस्तूच्या अंगाने वळणारे. पुढच्या सात-आठ वर्षांत ते आणखी मोठे होत गेले, चौकोनी झाले, पच्चीकारीतल्या खड्यांसारखे एकाशेजारी एक बसू लागले. १९०१-०२ मधलं सां-त्रोपे बंदराचं मोठं चित्र आज टोकियोत आहे. त्यातलं पाणी तर अशा जांभळ्या, पिवळ्या, गुलाबी तुकड्यांनीच बांधलेलं आहे. मोठ्या तुकड्यांमुळे करडेपणाचा धोका टळला. डोळा त्यांना पुरतं मिसळून टाकत नाही, मिसळू पाहतो आणि अडतो, आणि त्या ओढाताणीतून पाणी चमकतं.

शेजारी क्रॉस नेमकं उलट टोक गाठत होता. त्याच्या ‘सोनेरी बेटं’ या छोट्याशा चित्रात खाली वाळू, मध्ये समुद्र, वर बेटांची धूसर रेघ, बस्स. ना माणूस, ना होडी, ना झाड. सारं गोल ठिपक्यांचं, आणि ठिपके वर-वर जाताना विरळ होत हवेत विरून जातात. १८९१-९२ सालचं हे चित्र पाहताना सन आठवून पाहावं लागतं, इतकं ते पुढच्या शतकातलं वाटतं. दुखऱ्या बोटांनी त्याने ते कसं केलं असेल, याचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या किनाऱ्यावरच्या उन्हाला राजकारणाचीही धग होती. सिन्याक, ल्यूस, क्रॉस, पिसारो, फेनेओं हे सारे अराज्यवादी विचारांचे. पॅरिसमध्ये बाँबस्फोट झाले, १८९४ साली धरपकड झाली, फेनेओं आणि ल्यूस यांना तुरुंगात टाकलं. फेनेओं तर तीस जणांवर चाललेल्या खटल्यात आरोपी होता आणि निर्दोष सुटला. त्याच दिवसांत सिन्याक सां-त्रोपेत सुमारे तीन मीटर उंच आणि चार मीटर रुंद असा कॅनव्हास रंगवत होता. समुद्रकाठी पाइनच्या सावलीत लोक फळं तोडताहेत, वाचताहेत, गोट्यांचा बूल खेळ खेळताहेत, दूरवर फेर धरून नाचताहेत. मालक नाही, शिपाई नाही. चित्राचं नाव ठरलं होतं ‘अराज्याच्या काळात’. दडपशाहीच्या त्या वर्षांत ते बदलून ‘सुसंवादाच्या काळात’ असं करावं लागलं. आज ते पॅरिसलगतच्या माँत्रय या कामगारवस्तीच्या नगरभवनात आहे. त्याच्या निसर्गचित्रांतल्या उजेडाचा आणि या स्वप्नाचा संबंध जोडायला संकोच वाटू नये. प्रत्येक रंग आपला स्वतंत्र राहून शेजाऱ्याला उजळतो, ही मांडणी सिन्याकच्या मनात माणसांपुरतीही खरी होती.

१८९८ साली त्याने ‘रव्ह्यू ब्लांश’ या नियतकालिकात लेखमाला लिहिली आणि पुढच्या वर्षी तिचं पुस्तक झालं, ‘देलाक्रवापासून नवदृक्प्रत्ययवादापर्यंत’. वाद घालणाऱ्याचं, ठासून बोलणाऱ्याचं पुस्तक आहे ते. देलाक्रवाने छटा तुटक फटकाऱ्यांनी मांडल्या, मोने-पिसारोंनी पॅलेट उजळलं, आम्ही ते काम तडीला नेलं, असा वंशवृक्ष त्यात उभा केला आहे. सगळ्यात आग्रहाने सांगितलंय ते हे, की आम्ही ठिपके देणारे नाही. ठिपका हे एक साधन, त्याने पृष्ठभाग थरथरता होतो इतकंच. रंगाचं तेज येतं ते विभाजनातून, शुद्ध रंग वेगळे ठेवून त्यांचं प्रमाण जुळवण्यातून. टिपका किती मोठा असावा हे चित्राच्या आकारावर ठरेल. सां-त्रोपेच्या पाण्यात त्याच्या हाताने आधी केलेली गोष्ट त्याने इथे शब्दांत पकडली. ही लेखमाला वाचणाऱ्यांत तिशीच्या उंबरठ्यावरचा एक धडपडणारा चित्रकार होता, आँरी माटिस.

१९०४ च्या उन्हाळ्यात माटिस बायकोमुलासह सां-त्रोपेला आला आणि ‘ला यून’च्या जवळच राहिला. यजमान प्रेमळ होता, पण मास्तरकी सोडणारा नव्हता. माटिसला ती जाचली, तरी पॅरिसला परतल्यावर त्याने चित्र केलं ते ठिपक्यांच्या वाणातलंच. संध्याकाळचा किनारा, नाव, पाइनचं झाड आणि विवस्त्र स्त्रिया. नाव बोदलेरच्या कवितेतून घेतलं, ‘चैन, शांती आणि सुख’. १९०५ च्या स्वतंत्र चित्रकारांच्या प्रदर्शनात सिन्याकने ते पाहिलं आणि विकतच घेतलं. सां-त्रोपेच्या घरी जेवणाच्या खोलीत ते लागलं. पंथाला वारस मिळाला, असं त्याला वाटलं असावं.

वारस वर्षभरही थांबला नाही. त्याच उन्हाळ्यात माटिस कॉलिऊरला गेला, जिथे अठरा वर्षांपूर्वी सिन्याकने ठिपके दिले होते, आणि तिथे त्याने रंगांना विभाजनाच्या कायद्यातूनही मोकळं केलं. शरदात त्या चित्रांपायी समीक्षकांनी त्याला आणि त्याच्या मित्रांना जंगली श्वापदं ठरवलं. १९०६ साली माटिसचं ‘जगण्याचा आनंद’ आलं तेव्हा सिन्याकने संतापून आपला मित्र आंग्राँ याला पत्र लिहिलं. सपाट रंगाचे गुळगुळीत पट्टे आणि आकृत्यांभोवती अंगठ्याएवढ्या जाड रेषा, हा गडी पार वाया गेला, असा त्याचा निवाडा होता. हा निवाडा चुकला, हे आज कुणीही सांगेल. तरीही माटिसच्या त्या उघड्या, न घोटलेल्या लाल-हिरव्याला वाट करून दिली ती सिन्याकच्याच वीस वर्षांच्या हट्टाने.

१९०८ साली तो स्वतंत्र चित्रकारांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १९३४ पर्यंत राहिला. निवड समिती नाही, बक्षिसं नाहीत, हा संस्थेचा १८८४ पासूनचा नियम त्याने मोडू दिला नाही. त्याला न पटणाऱ्या कितीतरी तरुणांची चित्रं त्या नियमाखाली भिंतीवर लागली. पहिल्या महायुद्धाची वर्षं त्याने आंतीबला काढली. तो युद्धाच्या विरोधात होता, देश मारामारीत बुडालेला असताना कुंचला उचलवेना, अशी त्याची अवस्था झाली.

पासष्टीच्या घरात असताना, १९२९ साली, गास्ताँ लेव्ही या उद्योजकाच्या पाठबळावर त्याने शेवटचा मोठा बेत आखला: फ्रान्सच्या किनाऱ्यावरची शंभर बंदरं, प्रत्येकाचे दोन जलरंग, त्यातला एक लेव्ही निवडणार आणि दुसरा सिन्याककडे राहणार. दोन वर्षं तो बंदरामागून बंदर पालथं घालत होता. त्या जलरंगांत ठिपके नाहीत. पेन्सिलीने झपाट्याने ओढलेल्या डोलकाठ्या, दोरखंड, धक्क्याच्या कडा, आणि त्यावर निळ्या-जांभळ्या-नारिंगी रंगाचे मोकळे हात. पण प्रत्येक हाताच्या भोवती कोऱ्या कागदाची पांढरी फट सोडलेली आहे आणि एका रंगाचं पाणी दुसऱ्याला लागू दिलेलं नाही.